रिकाम्या जागेनंतरचा एस

कलकत्त्याजवळ बजबजला असलेल्या तागाच्या गिरणीतल्या त्या बाईला श्वास पुरत नाही, हे मी स्वतः पाहिलं होतं. नळीचं एक टोक तिच्या तोंडात होतं आणि ती नळी मी धरलेली होती. त्यामुळे त्या गिरणीतल्या सगळ्या बायकांच्या छात्या ठणठणीत आहेत असं आमच्याच संस्थेने छापायला पाठवलंय, हे कळलं तेव्हा मला जो राग आला तो अजून पुरता उतरलेला नाही. मध्ये कितीतरी गावं बदलली, नोकऱ्या बदलल्या, केस पांढरे झाले. राग आहे तिथेच आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझे यजमान लष्करात, सिग्नल्समध्ये होते. त्यांची बदली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यमला झाली आणि आम्ही दोघं आणि आमचा लहान मुलगा किल्ल्यातल्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. मी नागपूरला संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेलं. लग्नानंतर प्रत्येक बदलीच्या गावी नोकरी शोधायची, आणि प्रत्येक गावी तोच प्रश्न ऐकायचा, "तुम्ही इथे किती दिवस राहणार?" कलकत्त्यात एका संशोधन संस्थेने हा प्रश्न विचारला नाही. तिथल्या विभागप्रमुखांनी, त्यांना सगळे सर म्हणत, मला फळ्यावर एक गणित सोडवायला दिलं, मी सोडवत असताना खिडकीबाहेर बघत उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "सोमवारपासून या." हे मुद्दाम सांगते. पुढे मी त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे ते लिहिताना मला त्यांचे उपकार आठवत नाहीत असं कुणाला वाटू नये. फार हुशार माणूस होता तो. परदेशात राहून आलेला, खडूने बोटं कायम पांढरी, आणि हाताखालच्या माणसावर कधी ओरडायचा नाही.

संस्थेत नवं संगणक यंत्र आलं होतं. जुन्या यंत्राला भोकं पाडलेली कार्डं लागायची. याच्या टर्मिनलसमोर, म्हणजे टाइपरायटरसारख्या यंत्रासमोर, बसून कागदावर टाइप करायचं, आणि यंत्र आपलं उत्तर त्याच कागदाच्या गुंडाळीवर छापून द्यायचं. सरांनी परदेशातल्या एका विद्यापीठातून एक टेप आणली होती आणि तिच्याबरोबर एक नवी भाषा. तिचं नाव सी. एवढंच. मी सासूबाईंना पत्रातून कळवलं की मी सध्या सी शिकते आहे, तर त्यांचं उलट पत्र आलं, "पुढचं अक्षर लिहायचं राहिलं वाटतं." मला ती भाषा आवडली. आटोपशीर होती. पण तिच्यात लिहिणाऱ्याला फार मोकळीक होती. तुम्ही जे तपासणार नाही ते तीही तपासायची नाही.

टर्मिनलवर बसायच्या त्या दीदी. बागबाजारहून ट्रामने यायच्या, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, विधवा. पूर्वी संस्थेच्याच कचेरीत टायपिस्ट होत्या. त्या मला 'तुमि' म्हणायच्या. आपल्या तू आणि तुम्ही यांच्या मधली ती जागा मराठीत नाही, म्हणून इथे मी 'तू' लिहिते. पण त्या 'तुमि'त माया होती आणि थोडं अंतरही होतं. मी अजून बंगाली चाचपडत बोलत होते. त्या न हसता माझी वाक्यं दुरुस्त करायच्या.

तागाच्या गिरणीचं काम आमच्याकडे एका डॉक्टरांमुळे आलं. हे डॉक्टर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे, चालताना काठी टेकणारे. तागाच्या धुळीने कामगारांच्या छातीवर काय परिणाम होतो ते त्यांना मोजायचं होतं. मापं त्यांनी घ्यायची आणि हिशेब आम्ही करायचा, असं ठरलं. ज्यांचा श्वास ठरावीक मर्यादेपेक्षा कमी भरेल त्यांना डॉक्टर पुन्हा बोलावून नीट तपासणार होते आणि औषध सुरू करणार होते.

मापं घेताना अडचण आली ती बायकांची. पुरुषांसमोर तोंडावरचा पदर बाजूला करून नळीत फुंकायला त्या तयार होईनात. डॉक्टरांनी सरांना सांगितलं, मला तुमच्याकडची एक बाई द्या. म्हणून मी जायला लागले. माझेरहाटला लोकल पकडायची आणि शेवटच्या स्टेशनला, बजबजला, उतरायचं. गिरणीच्या दवाखान्यामागे एक खोली आम्हाला दिली होती. तिथे फुंकायचं यंत्र ठेवलं होतं. नाकाला चिमटा लावायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळा एका दमात नळीत सोडायचा. जितकी हवा बाहेर येईल तितकं पेन कागदावर वर चढायचं.

बायका बहुतेक पोती शिवायच्या खात्यातल्या. कुणी तेलुगू, कुणी उडिया, बऱ्याचशा बिलासपूरकडच्या. त्या बिलासपूरकडच्या बायकांची बोली मला थोडी कळायची. आमच्या नागपूरला बांधकामावर तिकडचीच माणसं असायची. मी नागपूरची म्हटल्यावर एक बाई पुढे सरकून बसली. तिच्या केसांत तागाचे तंतू असे अडकले होते की पहिल्यांदा मला ते पिकलेले केस वाटले. वयाने माझ्याएवढीच असेल. माझी नणंद नागपूरला विटा वाहायला गेली होती, म्हणाली, तुम्ही पाहिली असेल. मी म्हटलं, नागपूर मोठं आहे हो. यावर तिला हसू आलं, हसता हसता खोकला आला आणि तो थांबेचना.

तिने फुंकलं तेव्हा पेन जेमतेम उठलं आणि तिथेच आडवं झालं. मी म्हटलं, पुन्हा करू. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. तिने चिमटा काढून माझ्याकडे पाहिलं.

"यंत्र बिघडलंय का, बाई?"

"नाही. तुम्हाला श्वास पुरत नाही का?"

"चालताना नाही पुरत. आधी भोंगा वाजला की घरून निघायचे आणि वेळेत पोचायचे. आता वाटेत बसावं लागतं."

मी तिला सांगितलं की डॉक्टर तुम्हाला परत बोलावतील. तिने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. यंत्राचा हिशेब झाला की तुमचं नाव निघेलच.

त्यानंतर भावाच्या लग्नासाठी मी रजा घेऊन नागपूरला गेले. हिशेब झाला तो मी नसताना.

हिशेबाचा प्रोग्राम सरांनी स्वतः सी भाषेत लिहिला होता. असा प्रोग्राम चालवताना त्याच्या नावापुढे आपल्याला काय हवं ते सांगायचं असतं. चहा सांगताना आपण 'बिनसाखरेचा' म्हणतो, तसं. त्यासाठी एक आडवी रेघ आणि तिला लागून एक अक्षर टाइप करायचं. याला आम्ही ऑप्शन म्हणायचो. सरांच्या प्रोग्रामला दोन ऑप्शन होते. रेघ-एच दिलं की माणसाची उंची हिशेबात धरली जायची, कारण उंच माणसाच्या छातीत हवा जास्त मावते. रेघ-एस दिलं की स्त्रियाही हिशेबात यायच्या. काहीच दिलं नाही तर फक्त पुरुष. सरांनी प्रोग्राम लिहायला घेतला तेव्हा चाचणीसाठी पुरुषांचीच मापं हाताशी होती, म्हणून पुरुष हा मूळ प्रोग्राम झाला आणि बायका ऑप्शन. हे मला तेव्हाही खटकलं होतं. मी बोलले नव्हते एवढंच.

नागपूरहून परतल्यावर पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांबरोबर दुसऱ्या फेरीला, म्हणजे हिशेबात निघालेल्यांच्या तपासणीला, बजबजला गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकं टाकली होती आणि बाकांवर पुरुष बसले होते. कताईखात्यातले, तागाच्या गाठी फोडणारे, विणकाम करणारे. एकही बाई नव्हती. मला वाटलं, बायकांना वेगळ्या वेळेला बोलावलं असेल.

"बायका दुपारी येणार का?" मी डॉक्टरांना विचारलं.

"बायका नाहीत," ते म्हणाले. "तुमच्या यंत्राने एकही बाई काढलेली नाही. मलाही जरा नवल वाटलं."

"असं कसं होईल? मी स्वतः मापं घेतली आहेत. एका बाईचं तर पेनच उठत नव्हतं."

"एखादीचं होतं असं. पण सगळ्यांचा मिळून हिशेब वेगळा असतो, तुम्हीच सांगता ना ते." ते काठीवर दोन्ही हात ठेवून बसले. "आणि कारणंही आहेत. बायका बिडी ओढत नाहीत. त्यांचं खातं नदीच्या बाजूला आहे, वारा येतो. अहवालात तुमच्या सरांनी हे सगळं लिहिलंय. छापखान्यात गेला तो."

मी बिडी ओढणाऱ्या बायका त्या खोलीत पाहिल्या होत्या. त्या खात्याच्या खिडक्या धुळीने बुजून गेलेल्या पाहिल्या होत्या. जे घडलंच नव्हतं त्याला इतकी नेटकी कारणं कशी मिळाली याचाच मला संताप आला. यंत्राने एकही बाई काढली नाही म्हटल्यावर कुणी थांबून विचारलं नाही की एकही का नाही. सगळे बायका निरोगी का आहेत ते शोधायच्या मागे लागले आणि त्यांना ते सापडलंसुद्धा. गिरणीच्या मॅनेजरने तर डॉक्टरांना चहाला बोलावलं होतं म्हणे. एका खात्यात धूळच लागत नाही असं लिहून मिळालं, कुठल्या मॅनेजरला आनंद होणार नाही?



दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत पोचले तर वीज गेलेली. त्या काळी कलकत्त्यात वीज कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नव्हता. यंत्र चालू असेल तेवढ्यात सगळ्यांची कामं उरकायची असायची, म्हणून एकदा केलेलं काम दुसऱ्यांदा तपासायला कुणाला सवड नसे. दीदी टर्मिनलसमोर पंख्याविना बसल्या होत्या.

"गिरणीचा हिशेब तुम्हीच चालवलात ना? काय टाइप केलं होतं आठवतंय?"

"आठवायला कशाला हवं," त्या म्हणाल्या आणि कपाटातून कागदाची गुंडाळी काढली. प्रोग्रामचं नाव. मग जागा सोडून रेघ-एच. मग जागा सोडून रेघ-एस. "सरांनी फोनवर सांगितलं, एच आणि एस दोन्ही द्या. मी दोन्ही दिले. काही चुकलं का?"

मला चूक दिसेना. दोन्ही दिलेले समोर दिसत होते. मग मी प्रोग्राम वाचायला घेतला आणि वीज यायच्या आत मला सापडलं.

सी भाषेत, आपण टाइप केलेली ओळ शब्दाशब्दांत तुटून प्रोग्रामच्या हाती येते. किती शब्द आहेत तो आकडा येतो आणि मागोमाग ते शब्द ओळीने येतात. जागा सोडली की नवा शब्द. सरांचा प्रोग्राम नावानंतरचा पहिला शब्द घ्यायचा, त्यातली अक्षरं एकेक करून बघायचा आणि संपलं. पुढे आणखी शब्द आहेत का, हे तो पाहतच नव्हता. एच आणि एस एकाच रेघेला जोडून लिहिले असते तर दोन्ही वाचले गेले असते. सर स्वतः तसंच लिहायचे. दीदींनी टायपिस्टच्या सवयीने, दोन वेगळ्या गोष्टी म्हणून, मध्ये जागा सोडली. रिकाम्या जागेनंतरचा एस कुणी वाचलाच नाही, आणि त्या गिरणीतल्या सगळ्या बायका तिथे गळून पडल्या.

वीज आली तेव्हा मी एक करून पाहिलं. प्रोग्रामच्या नावापुढे रेघ दिली आणि रोमन अक्षरांत 'गाढव' असं टाइप केलं. प्रोग्रामने गाढवमधला एच तेवढा उचलला, उंची हिशेबात धरली आणि पुरुषांची नावं छापायला सुरुवात केली. बाकीची अक्षरं काय आहेत, कशाला आहेत, एका शब्दाने विचारलं नाही. दीदींना मी तो शब्द समजावून सांगितला, पण त्या हसल्या नाहीत. त्यांच्या लक्षात आलं होतं की हे प्रकरण कुणाच्या अंगावर येणार आहे.

मी तशीच सरांच्या खोलीत गेले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, गुंडाळी पाहिली आणि म्हणाले, "हो, ऑप्शन जोडून लिहायचे. तिने सुटे लिहिलेत."

"जोडून लिहायचे हे त्यांना कुणी सांगितलं होतं?"

"प्रोग्राम वाचला की कळतं."

"दीदींना प्रोग्राम वाचता येत नाही, सर. तुम्ही दोन्ही द्या म्हणालात, त्यांनी दोन्ही दिले."

"शंका होती तर विचारायचं."

"शंका कशी येणार? यंत्राने सगळं ठीक असल्यासारखं काम केलं, कागद छापून दिले."

"हे बघा," ते म्हणाले, "यंत्र सांगितलं तेवढंच करतं."

"नाही सर. सांगितलं त्यातलं अर्धं केलं, उरलेलं टाकून दिलं, आणि टाकून दिलं हेही सांगितलं नाही."

त्यांनी गुंडाळी पुन्हा उघडून पाहिली. मला वाटलं, पटलं. पण ते म्हणाले, "प्रोग्रामने गप्पा मारायच्या नसतात. आपल्याकडे मेमरी किती आहे तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक चुकीला एकेक वाक्य लिहीत बसलो तर हिशेबाला जागा उरणार नाही. चालवणाऱ्याने नीट चालवावं, एवढी अपेक्षा धरायला हरकत नाही." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

दोन दिवसांनी दीदींना मेमो मिळाला. काम निष्काळजीपणे केल्याबद्दल. लेखी उत्तर द्या.

घरी आल्यावर मी चहा न घेता यजमानांना सगळं सांगितलं. एरवी ते मला सबुरीचा सल्ला द्यायचे; आपली नोकरी बदलीची, कुठे कुणाशी वाकडं घेतेस, असं. त्या संध्याकाळी मात्र ते बुटांच्या नाड्या सोडता सोडता थांबले.

"आमच्याकडे वायरलेसवर निरोप अर्धवट ऐकू आला तर पुन्हा सांगा म्हणायचं असतं," ते म्हणाले. "अर्धवट ऐकून 'मिळाला' म्हणणाऱ्याला शिक्षा होते. पाठवणाऱ्याला नाही."

"मग हे सरांना तुम्हीच सांगा."

"माझे नाहीत ते सर, तुझे आहेत. तूच सांग." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "सांगून पाहिलंस. आता करून दाखव."

मी करायला घेतलं. सरांची परवानगी घेतली नाही. प्रोग्रामचा तेवढाच भाग नव्याने लिहिला. आता तो नावानंतरचे सगळे शब्द शेवटपर्यंत बघायचा. शब्द रेघेने सुरू होत असेल तर त्यातलं प्रत्येक अक्षर तपासायचा. जोडून लिहा की सुटं लिहा, दोन्ही चालायचं. मर्यादेचा आकडा सरांनी प्रोग्रामच्या पोटात पक्का बसवून टाकला होता, त्यासाठीही मी ऑप्शन केला. अक्षराला चिकटून आकडा असेल तर तो घ्यायचा, नसेल तर पुढचा शब्द आकडा म्हणून घ्यायचा, आणि पुढे शब्दच नसेल तर थांबायचं. तिथे मी आधी स्वतःच अडखळले होते. पुढचा शब्द आहे असं धरून चालले आणि प्रोग्राम कोसळला. रेघ नसलेला पहिला शब्द दिसला की ऑप्शन संपले असं मानायचं, कारण तिथून मापांच्या फाइलचं नाव सुरू होतं; तेही आधी प्रोग्रामच्या पोटातच होतं. आणि ओळखीचं नसलेलं एखादं जरी अक्षर आलं तरी काहीही हिशेब न करता थांबायचं, ते अक्षर छापायचं आणि खाली कुठले ऑप्शन चालतात ते छापायचं. बायकांसाठी वेगळा ऑप्शन मी ठेवलाच नाही. बायका मुळातच आत घेतल्या. कुणाला वगळायचं असेल तर वगळणाऱ्याने तसं टाइप करावं.

हे सगळं मिळून मेमरीची इतकी थोडी जागा लागली की सरांच्या त्या वाक्याचा मला नव्याने राग आला.

दीदींनी तो प्रोग्राम चालवला. कागद पुढे सरकत गेला आणि त्यावर पोती शिवायच्या खात्याचं नाव पुन्हा पुन्हा येऊ लागलं. पुरुषांपेक्षा बायकांचं प्रमाण कमी नव्हतं. मी आणि दीदी शेजारी शेजारी उभ्या राहून वाचत होतो. "बापरे," दीदी म्हणाल्या. मग कागद फाडून त्यांनी माझ्या हातात दिला. "हे घेऊन तू वर जाशील. मला माहीत आहे. पण माझं नाव काढू नकोस."

"तुमच्यासाठीच तर जाते आहे मी."

"तू त्या बायकांसाठी जा. माझ्यासाठी नको. तू किल्ल्यात राहतेस, उद्या तुझ्या नवऱ्याची बदली होईल, तू निघून जाशील. मला याच खुर्चीत बसायचंय, आणि माझा गोपनीय अहवाल तेच लिहिणार आहेत."

त्या कडवटपणे बोलल्या आणि मला ते लागलं. पण त्यांचं खोटं नव्हतं.

मी संचालकांकडे गेले. सरांनाही त्यांनी बोलावून घेतलं. संचालक चांगल्या स्वभावाचे होते, म्हणजे कुणालाच दुखवायला त्यांना आवडत नसे. कागद पाहिल्यावर बायकांना बोलावलं पाहिजे यावर त्यांचं आणि सरांचं लगेच एकमत झालं. सरांनी तर माझ्या देखत सांगितलं, "यांनी लिहिलेला भाग चांगला आहे, तोच वापरू." प्रश्न उरला तो छापलेल्या अहवालाचा. त्याला पुरवणी जोडायची ठरली. सरांनी मजकूर लिहून आणला: संगणक चालवताना झालेल्या चुकीमुळे स्त्रियांची मापं हिशेबात यायची राहून गेली.

"चालवताना नाही," मी म्हटलं. "प्रोग्राम लिहिताना."

"दोन्ही म्हणता येईल," संचालक म्हणाले.

"दोन्ही कसं म्हणता येईल, सर? दीदींनी जे टाइप केलं त्यात सांगितलेलं सगळं होतं. 'मला कळलं नाही' एवढं म्हणायची सोय प्रोग्राममध्ये नव्हती. एका बाईच्या माथी मेमो मारायचा आणि गिरणीभर बायकांना निरोगी ठरवायचं, ही एकाच माणसाची चूक आहे आणि तो माणूस टर्मिनलवर बसलेला नव्हता."

इतकं मी त्याआधी कुठल्याच वरिष्ठासमोर बोलले नव्हते. सरांनी चष्मा काढून पुसला. संचालकांनी पेन घेतलं आणि चार शब्द खोडून त्यांच्या जागी तीन लिहिले. पुरवणी छापली गेली ती अशी: काही तांत्रिक कारणांमुळे स्त्रियांची मापं हिशेबात यायची राहून गेली.

तांत्रिक कारण. म्हणजे कुणीच नाही. दीदींचा मेमो मागे घ्या असं मी तिथेच म्हटलं, तर संचालक म्हणाले, "तो फाइलला लावून टाकू, पुढे काही करणार नाही." मागे घेतला नाही. फाइलला लावला. दीदींना त्या वर्षी बढती मिळायची होती ती मिळाली नाही, आणि त्याचा मेमोशी काही संबंध नाही असं मला तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं.

बायकांसाठीची फेरी दुर्गापूजेच्या सुट्ट्या संपल्यावर झाली. या वेळी व्हरांड्यातली बाकं बायकांनी भरली होती. मी त्या नागपूरच्या नणंदेवाल्या बाईला शोधत होते. तिच्या शेजारी बसून शिवणारी एक म्हातारी म्हणाली, ती गेली गावाला, काम होईना तिच्याच्याने. पत्ता? म्हातारीने हाताने पश्चिम दिशा दाखवली. गिरणीत तिचा पत्ता होता तो कुलीलाइनीतल्या, म्हणजे कामगारांच्या चाळीतल्या, खोलीचा, आणि त्या खोलीत आता दुसरं कुटुंब राहत होतं. डॉक्टरांनी बिलासपूरच्या सरकारी दवाखान्याला लिहून पाहिलं. नुसत्या नावावर कोण कुणाला शोधणार.

बाकीच्या बायकांना डॉक्टरांनी नीट तपासलं. काहींना औषध लागू पडलं. एक तेलुगू बाई पुढच्या फेरीला येऊन मला मोठ्याने फुंकून दाखवत होती. डॉक्टरांनी मॅनेजरला लिहून दिलं की या बायकांना धुळीच्या कामावरून हलवावं. आणि मॅनेजरने हलवलं. अंगण झाडायला, कॅन्टीनची भांडी घासायला, कमी मजुरीवर. पोती शिवायची मजुरी नगावर होती आणि ती जास्त होती. त्या गोष्टीचा डॉक्टरांनीही विचार केला नव्हता आणि मीही नाही.

शेवटच्या फेरीला मी गेले तेव्हा झाडू घेतलेली एक बाई दारात उभी राहिली. आत आली नाही. "तुम्हीच ना त्या नळीवाल्या बाई?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "मी फुंकायलाच नको होतं," ती म्हणाली आणि झाडायला लागली.

डॉक्टर त्या दिवशी काठी आपटत मॅनेजरच्या खोलीत गेले. मजुरीचा फरक भरून द्या, नाहीतर मी हे काम सोडतो, असं म्हणाले. मॅनेजर म्हणाला, मजुरी युनियनशी ठरते, डॉक्टरांशी नाही. युनियनच्या माणसाकडेही आम्ही दोघं गेलो. तो म्हणाला, त्यांना जुन्या कामावर परत घ्या अशी मागणी आम्ही करू शकतो. म्हणजे परत धुळीत. काही बायकांनी तीच मागणी करायला लावली आणि त्या परत गेल्या. काही झाडत राहिल्या. उन्हाळ्यात यजमानांची बदली झाली.

निघताना सरांनी विभागात चहा आणि संदेश ही बंगाली मिठाई मागवली, माझ्या कामाबद्दल दोन चांगली वाक्यं बोलले आणि नव्याने लागलेल्या एका मुलीला म्हणाले, "लक्षात ठेव, प्रोग्रामला न समजलेलं त्याने कधी गिळू नये." जणू हे ते जन्मभर सांगत आले होते. दीदी मागच्या रांगेत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्या बशीतला संदेश चमच्याने तोडत होत्या, वर न बघता. नंतर त्यांनी मला दारापर्यंत सोडलं, माझ्या मुलासाठी बागबाजारातल्या दुकानातून आणलेली रसगुल्ल्यांची हंडी हातात दिली आणि गाडीत आडवी करू नकोस, पाक सांडतो, एवढंच बोलल्या.